मामा संगणकात गेले त्याची गोष्ट

मी केसपेपरच्या खिडकीत बसते. कॅज्युअल्टीत येणारा माणूस शुद्धीत असो वा नसो, आधी त्याचा कागद माझ्याकडे होतो आणि मग तो मामांच्या हवाली होतो. त्यामुळे गेली सतरा वर्षं मी मामांना जितकं पाहिलं तितकं माझ्या सख्ख्या भावालाही पाहिलेलं नाही.

आमच्याकडे स्ट्रेचर ढकलणाऱ्या कुणालाही मामाच म्हणतात आणि खाटा, चादरी, फरशी सांभाळणाऱ्या बायकांना मावशी. पण नुसती "मामा" अशी हाक आली की वळून पाहायचे ते हेच, कारण ते सगळ्यांत जुने. एकतीस वर्षं झाली होती त्यांना. "मला वेगळं मामा बनवायची कुणाला गरजच पडली नाही, मी मुळातच आहे," असं म्हणायचे. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की आम्ही हसायचं सोडलं होतं, आणि कुणी हसावं ही अपेक्षा त्यांनीही सोडली होती.

अंगाने उंच, काटकुळे. चालताना मान जरा डावीकडे, कारण एक डोळा कायम पुढच्या चाकावर. पेशंटला नेताना ते त्याच्याशी बोलत जात. "आता उंबरा आहे, गचका बसेल. आता लिफ्ट. आता थोडा उजेड डोळ्यांवर येईल." पेशंट बेशुद्ध असला तरी बोलत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, आडव्या पडलेल्या माणसाला फक्त छत दिसतं. पुढे काय आहे ते कुणीतरी सांगायला नको?"

त्या वर्षी आमच्या कॅज्युअल्टीची अवस्था फार वाईट होती. खाटा अठरा, स्ट्रेचर नऊ. पेशंट येई, डॉक्टर तपासत, सलाईन लागे, कागदावर "भरती करा" असं लिहिलं जाई, आणि मग काहीच होत नसे. वर वॉर्डात खाट मोकळी नाही, म्हणून माणूस खालीच स्ट्रेचरवर पडून राही. पाच तास, सहा तास, कधी दहा. दुपारी चारला कॉरिडॉरमध्ये दोन्ही भिंतींना स्ट्रेचर लागलेली असत आणि मधून आडवं होऊन जावं लागे. नातेवाईक येऊन माझ्या खिडकीवर हात आपटत. मी तर फक्त नाव, वय, पत्ता लिहिते. पण ज्याचं तोंड दिसतं त्यालाच माणूस बोलतो.

मोठ्या साहेबांच्या मनात एक उपाय होता. शेजारचं सामानाचं कोठार पाडायचं आणि कॅज्युअल्टीत आणखी सहा खाटा घालायच्या. मंजुरी देणाऱ्यांनी मात्र आधी अभ्यास करून घ्या असं कळवलं. म्हणून अभियांत्रिकी कॉलेजातल्या एक मॅडम आमच्याकडे आल्या. पस्तिशीच्या असतील. पाठीवर पिशवी, गळ्यात स्टॉपवॉच. तीन आठवडे त्या नुसत्या कोपऱ्यांत उभ्या राहून मिनिटं टिपत होत्या. पेशंट कधी आला, डॉक्टरांनी कधी हात लावला, रक्ताचा रिपोर्ट कधी आला. आमच्या लोकांनी त्यांचं नाव लगेच घड्याळवाली पाडलं. त्यांना ते कळलं होतं. रागावल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर आमचीच कॅज्युअल्टी होती, वरून पाहिल्यासारखी. खोल्या, दारं, माझी खिडकीसुद्धा. आणि त्यात रंगीत ठिपके पळत होते.

"हे सिम्युलेशन," त्या म्हणाल्या. "खऱ्या कॅज्युअल्टीत प्रयोग करायला गेलो तर माणसांच्या जिवावर बेतेल. म्हणून ही खोटी. खोटे पेशंट, खोटे डॉक्टर, पण वेळा तुमच्याच. इथे खाटा वाढवून बघायच्या, माणसं कमी करून बघायची. अख्खं वर्ष चार मिनिटांत सरतं."

"आमचं का सरत नाही तसं," मी म्हटलं.

तेवढ्यात मामा एका पेशंटचा कागद घ्यायला आले आणि खिडकीबाहेरून वाकून पाहू लागले. लाल ठिपका म्हणजे भरती व्हायचा पेशंट, असं मॅडमनी त्यांना समजावलं. एक लाल ठिपका कॅज्युअल्टीतून नाहीसा झाला आणि तिसऱ्या मजल्यावर उगवला.

"हा कसा गेला?" मामांनी विचारलं.

"त्याला वर खाट मिळाली."

"मिळाली हो. पण गेला कसा? उडत?"

मॅडम हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरंच की. मी हे धरलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या मामांच्या मागे चालू लागल्या. आठ दिवस, बारा तासांची पूर्ण पाळी. कॅज्युअल्टी ते तिसरा मजला हे अंतर धड माणसाला सहा मिनिटांचं आहे. मामांना एका फेरीला सरासरी तेवीस लागत होती. आता ही तेवीस कुठे जात होती ते मॅडमना कळायला लागलं. वर खाट मिळाली तरी खाली स्ट्रेचर मोकळं नसायचं, कारण स्ट्रेचरवरच माणसं झोपलेली. नऊपैकी दोन स्ट्रेचरची चाकं अडत. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर दुसऱ्या टोकाला. फाईलवर एक सही राहिलेली. लिफ्ट एकच, आणि बारा वाजता तिच्यात जेवणाच्या गाड्या. वर पोचलं की पेशंट खाटेवर घ्यायला चार हात लागतात आणि दोनच असतात. हे सगळं आटोपून रिकामं स्ट्रेचर खाली आणायचं, पुसायचं, आणि तोवर फोन वाजलेला असे. पाळीला अशा सव्वीस फेऱ्या.

आठव्या दिवशी मॅडम जरा चाचरत म्हणाल्या, "मामा, आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या चार तासांत तुमची चाल एकसारखी असते. शेवटच्या दोन तासांत जवळजवळ एक तृतीयांश कमी होते."

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी कामात ढिलाई करतो असं लिहिणार?"

"नाही. तुम्ही थकता असं लिहिणार. संगणकाला सांगावं लागतं ते. नाहीतर तो तुम्हाला दिवसभर सकाळच्या वेगाने पळवेल."

मामा स्ट्रेचरची चादर सरळ करत राहिले. मग म्हणाले, "लिहा. एकतीस वर्षांत ते कुणी लिहिलं नव्हतं."

अशा रीतीने मामा संगणकात गेले. निळा ठिपका. दुपारनंतर तो मंद व्हायचा. आमच्या सिस्टर मुद्दाम येऊन पाहून जात. "अगदी तेच आहेत," म्हणत. "फक्त बडबड नाही."

पण हिशोब अजून जुळत नव्हता. खऱ्या कॅज्युअल्टीत भरतीचा पेशंट खाटेसाठी सरासरी सहा तास थांबत होता आणि मॅडमच्या खोट्या कॅज्युअल्टीत साडेचार. दीड तास कुठेतरी गळत होता. त्यांनी सगळ्या वेळा पुन्हा तपासल्या. डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासणाऱ्यांना विचारलं, मला विचारलं. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मी चाकं बघतो मॅडम, दुसरं मला काय कळणार."

त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. हॉस्पिटलात हे ठाऊक नसलेला माणूस एकच, मोठे साहेब.

गोष्ट अशी होती की वर वॉर्डात पेशंटला सुट्टी मिळाली, तो दुपारी बाराला उठून घरी गेला, तरी खाट मोकळी झाल्याचं खाली चार वाजेपर्यंत कळवलं जात नसे. गादी उलटी करून ठेवायची, पडदा ओढायचा, कुणी विचारलं तर "सफाई चालू आहे." आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात तो पडदा ओढणारी मावशी म्हणजे मामांची बायको.

मामा आणि मावशी हॉस्पिटलच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. दोघांच्या पाळ्या क्वचितच जुळत. त्या आठवड्यातला रविवार दोघांना मोकळा होता. पुढचं बोलणं मला मावशींनी नंतर सांगितलं, जसं झालं तसं.

मावशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मामा गुडघ्याला तेल लावत बसले होते.

"ती मॅडम दीड तास शोधतेय," मामा म्हणाले.

"कुठला दीड तास?"

"तुझा."

मावशींनी दोन घड्या घातल्या. "माझा नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टरचा." आणखी एक घडी घातली. "सिस्टरचाही नाही. बत्तीस बायका आणि दोन सिस्टर. दुपारचं औषध, सुट्टीचे कागद, वर नातेवाईकांची बोलणी. त्यांच्या पोटात अन्नाचा कण जायचा तो त्या पडद्यामागे. आणि मी एकटी. एक गादी पुसून वाळेपर्यंत दुसरी तयार. एक खाट मोकळी म्हटली की पाच मिनिटांत तुम्ही दारात उभे, स्ट्रेचर घेऊन."

"मी काय हौसेने येतो?"

"माहीत आहे हो. पण तुम्हाला दारात पाहिलं की दार लावून घ्यावंसं वाटतं. स्वतःच्या नवऱ्याला बघून असं वाटू नये माणसाला."

मामांनी तेलाची बाटली बंद केली. "खाली काय चाललंय ते तू बघितलं नाहीस. परवा एक आजी सकाळी नऊपासून कॉरिडॉरमध्ये. पाचला वर नेली. वाटेत मला म्हणते, बाबा, घरीच नेतोयस ना."

मावशींनी हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

"सांगितलं तर सिस्टरवर येईल, तुझ्यावर येईल," मामा म्हणाले. "नाही सांगितलं तर साहेब खाली सहा खाटा घालतील, त्या आठवड्यात भरतील, आणि पुन्हा आपलं आहेच."

"तुम्ही नका सांगू."

"बरं."

"मी सांगते. तुम्ही सांगितलंत तर ती चुगली होईल. मी सांगितलं तर ते गाऱ्हाणं होईल."

सोमवारी मावशींनी आधी आपल्या वॉर्डच्या सिस्टरना सांगितलं. सिस्टर दोन दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. औषधाचा ट्रे ठेवायचा तोही आवाज करून. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "चल, मीपण येते. तू अर्धवट काहीतरी सांगशील."

दोघी माझ्या खोलीत आल्या, दार लावलं, आणि मॅडमना सगळं सांगितलं. अट एकच, वॉर्डाचं नाव कुठे यायचं नाही. मॅडमनी वहीत काही लिहिलं नाही. नुसतं ऐकलं. शेवटी विचारलं, "दुपारी आणखी एक मावशी असती तर?"

"तर एखादी खाट एकला सोडली असती," सिस्टर म्हणाल्या.

"आणि आणखी एक सिस्टर असती तर?"

सिस्टर हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मॅडम, ते तुमच्या खोट्या हॉस्पिटलात करून बघा. तिथे परवानगी लागत नसेल."

मॅडमनी तसंच केलं. दडवलेल्या खाटांचा वेळ घातल्यावर खोटी कॅज्युअल्टी खरीशी जुळली. सहा तासांना सहा तास. मग त्यांनी एकेक करून बदल करायला घेतले.

महिन्याभराने साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मी नोंदींची रजिस्टरं घेऊन गेले होते आणि मामांना मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. ते दाराशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मॅडमनी आधी साहेबांच्या सहा खाटा दाखवल्या. पडद्यावर कोठार पडलं, खाटा आल्या, ठिपके पळू लागले. सगळेजण लक्ष देऊन बघत होते. नवव्या दिवशी सहाच्या सहा खाटा लाल झाल्या आणि कॉरिडॉर पुन्हा भरला. वाट बघायची वेळ बारा मिनिटांनी कमी झाली.

"बाराच?" साहेबांनी विचारलं.

"बाराच."

मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. घरी जाणाऱ्या पेशंटचा राउंड सकाळी आठला आधी. सुट्टीचे कागद अकरापर्यंत. प्रत्येक वॉर्डात दुपारी एक मावशी आणि एक सिस्टर जास्त. खाली दोन मामा जास्त, आणि चार स्ट्रेचर अशी की ज्यांच्यावर कुणाला झोपवायचंच नाही. ठिपके पळाले. कॉरिडॉर भरे, पण रिकामाही होई. सहा तासांचे पावणेतीन झाले.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे कॅज्युअल्टीचा इलाज कॅज्युअल्टीत नाही?"

"साहेब," मामा दारातून म्हणाले, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं होत होतं."

कुणीतरी हसलं. साहेबही थोडे हसले, आणि मग त्यांनी कागदावर एके ठिकाणी बोट ठेवलं. "हे काय आहे? खाट रिकामी झाल्यापासून कळवेपर्यंत तीन-चार तास? खाटा लपवतात की काय? कोणत्या वॉर्डात?"

मामा आपल्या बुटांकडे बघत होते. मला वाटलं, आता संपलं.

"सगळ्याच," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्या?"

"माझे विद्यार्थी या महिन्यात आठवडाभर प्रत्येक मजल्यावर उभे होते. सगळ्या वॉर्डांत हेच आहे. आणि त्याला मी लपवणं म्हणणार नाही. जिथे माणसं कमी असतात तिथे लोक असाच श्वास घ्यायला जागा करतात. तुम्ही शिक्षा केलीत तर पडदा ओढायचा बंद होईल, पण गादी तेवढ्याच वेळात पुसली जाईल."

साहेब वाईट माणूस नव्हते. खूप वर्षं वरच्या मजल्यावरून खालचं बघितलं की काय होतं, तेवढंच त्यांचं झालं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "मला कोठाराचं भूमिपूजन करायचं नव्हतंच, असं आता सांगावं लागेल."

मागितलेलं सगळं कुठे मिळतं. सिस्टर मिळाल्या नाहीत. मावशी मिळाल्या, प्रत्येक वॉर्डात नाही पण मजल्यामागे एक. दोन मामांऐवजी एकच जागा मंजूर झाली. त्या जागेवर पार्सलच्या गोदामात माल उचलणाऱ्या एक चाळिशीच्या बाई आल्या. आमच्याकडे स्ट्रेचर ढकलायला बाई ही पहिलीच, तेव्हा त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न पडला. दोन दिवसांत त्यांची मामी झाली. खऱ्या मामींना, म्हणजे आमच्या मावशींना, ते काही फार आवडलं नाही, पण त्या म्हणाल्या, "म्हणू दे. हिच्या खांद्यात जोर आहे. यांच्या गुडघ्याला बरं."

सकाळचा राउंड सुरू व्हायला तीन महिने गेले. मोठे डॉक्टर कुरकुरले, एकदोघांनी मुद्दाम उशिरा येऊन पाहिलं. मग तेही सवयीचं झालं. वाट बघायची वेळ सहावरून चार तासांवर आली. थंडीत तापाची साथ आली तेव्हा पुन्हा पाचावर गेली, आणि सगळे म्हणाले, बघा, संगणकाचं सांगणं. वसंतात ती पुन्हा चारच्या खाली आली तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही.

मामांच्या बाबतीत मात्र एक गंमत झाली, आणि ती गंमत म्हणायला जीव होत नाही. खाटा लवकर मोकळ्या होऊ लागल्या म्हणजे माणसं लवकर हलू लागली. माणसं हलवतं कोण? मामी येऊनही मामांच्या फेऱ्या सव्वीसच्या एकोणतीस झाल्या. पूर्वी निदान खाटेची वाट बघताना टेकायला मिळायचं. आता तेही गेलं. मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्हीच सांगितलंत ना, पेशंट उडत जात नाही म्हणून. भोगा आता."

"हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले आणि स्ट्रेचर वळवलं.

पण मॅडम ते विसरल्या नव्हत्या. त्यांनी निळा ठिपका पुन्हा चालवून पाहिला आणि साहेबांना दाखवलं, की पाळीच्या मध्यावर अर्धा तास बसवलं तर शेवटच्या दोन तासांतली चाल टिकते आणि एकूण फेऱ्या कमी होत नाहीत. साहेबांनी सही केली. दुपारी साडेतीन ते चार, मामांनी बसायचं. लेखी. माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर.

पहिले काही दिवस त्यांना बसताच येईना. दोन मिनिटं टेकायचे, की उठून सिलिंडर बघून यायचे. फोन वाजला की अर्धवट उभे राहायचे. मामी ओरडायची, "बसा हो, माझ्यावर बोल येईल." मग हळूहळू बसायला शिकले. बुटांचे बंद सैल करायचे, मान भिंतीला लावायची.

निवृत्तीला आठ महिने उरले असतील तेव्हाची ही दुपार. कॉरिडॉरमध्ये दोनच स्ट्रेचर होती. मामा बाकावर बसल्या बसल्या झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उलटे पडलेले. मावशी पाळी संपवून जिन्याने खाली आल्या. त्यांना पाहून थांबल्या. मला वाटलं उठवतील.

"किती वेळ झाला?" त्यांनी मला विचारलं.

"वीस मिनिटं."

"मग दहा आहेत," मावशी म्हणाल्या. पिशवी पायाशी ठेवली, त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनीही डोळे मिटले.

माझ्या खिडकीशी एक माणूस आला होता, मोठ्याने काहीतरी विचारत. मी त्याला हाताने खुणावलं, हळू बोला, आणि नवा कागद ओढला.